खिडकीला धरायचं कुठनं? लिनक्सवर टायटल बार कोण काढतं आणि ते कसं ठरतं

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी मी गुळाच्या वजनाचा प्रोग्रॅम लिहून दिलाय. काट्यावरून वजन येतं, पडद्यावर मोठ्या आकड्यांत दिसतं, तोलाईदार काका गाडीचा नंबर आणि गाव टाकतात आणि नोंद पक्की होते. जुन्या संगणकावर लिनक्सचा एक्सएफसीई हा डेस्कटॉप होता, तिथे हा प्रोग्रॅम वर्षानुवर्षं तक्रारीविना चालला. गेल्या हंगामाच्या तोंडावर नवा संगणक आला. पडदा मोठा, डेस्कटॉप ग्नोम. आकडे जरा धूसर दिसत होते, म्हणून मी एक सेटिंग बदलून प्रोग्रॅम थेट वेलँडवर, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवायच्या नव्या पद्धतीवर, चालवला. आकडे स्वच्छ झाले, पण खिडकीची वरची पट्टीच गेली. नाव नाही, लहान-मोठं करायची बटणं नाहीत, बंद करायची फुली नाही. काकांनी माउस हातात घेतला, खिडकीभोवती दोनदा फिरवला आणि विचारलं, "दादा, ह्याला धरायचं कुठनं?"

प्रश्न अगदी नेमका होता. टायटल बार म्हणजे खिडकीची मूठ. तोच प्रोग्रॅम, तीच फाइल. एका डेस्कटॉपवर मूठ आहे, दुसऱ्यावर नाही, आणि घरी केडीई या तिसऱ्या डेस्कटॉपवर चालवून बघितला तर तिथे आहे. प्रोग्रॅममध्ये मी एक ओळही बदललेली नव्हती. बदलला होता तो प्रोग्रॅम आणि डेस्कटॉप यांच्यातला करार. तो कसा होतो, कुठे मोडतो आणि मोडल्यावर काय करायचं, ते इथे क्रमाने लिहितोय. पहिला निम्मा भाग वापरणाऱ्यांसाठी आहे, पुढचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी. आज्ञा आणि चलांची (व्हेरिएबलची) नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाकायची. चलांची अक्षरं मोठी, आणि शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर.

आधी काम सुरू करा

समोर गाडी उभी असेल तर कारण शोधायला वेळ नसतो. ग्नोम आणि केडीईवर सुपर की, म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली की, दाबून ठेवा आणि खिडकीत कुठेही धरून ओढा, खिडकी सरकते. एक्सएफसीईवर हेच काम ऑल्ट करतं. ऑल्ट आणि स्पेस एकत्र दाबलं की ग्नोम आणि एक्सएफसीईवर खिडकीचा मेनू उघडतो, केडीईवर त्यासाठी ऑल्ट आणि एफ३. बंद करायला ऑल्ट आणि एफ४. पट्टी कोणीही काढलेली असो किंवा नसोच, हे चालतं, कारण या कीज डेस्कटॉप स्वतः ऐकतो, प्रोग्रॅमपर्यंत त्या पोचतच नाहीत. काकांना मी त्या दिवशी एवढंच दाखवलं आणि संध्याकाळी संगणकापुढे बसलो.

डेकोरेशन हॉलचं की आपलं?

खिडकीच्या चौकटीला, पट्टीला आणि सावलीला मिळून संगणकाच्या भाषेत डेकोरेशन म्हणतात. आपल्याकडे लग्नाचा हॉल ठरवताना पहिल्या पाच मिनिटांत हाच शब्द येतो. काही हॉलवाले सांगतात, कमान, फुलं, नावाचा बोर्ड सगळं आमचं, बाहेरचा डेकोरेटर चालणार नाही. काही म्हणतात, आम्ही फक्त जागा देतो. आणि काही विचारतात, तुमचं काय म्हणणं? बोलणं नीट झालं नाही, तर एक तर दोन कमानी उभ्या राहतात किंवा वऱ्हाड बोर्ड शोधत रस्त्यावर फिरतं. खिडक्यांचे दोन्ही नेहमीचे बिघाड, दोन टायटल बार किंवा एकही नाही, असेच होतात.

एक्स ही चित्रप्रणाली एमआयटीत १९८४ साली सुरू झाली, आणि तिची अकरावी आवृत्ती, एक्स११, १९८७ साली आली. या घरात डेकोरेशन हॉलचंच असा रिवाज आहे. खुद्द एक्स सर्व्हर मात्र पट्टी काढत नाही. विंडो मॅनेजर नावाचा एक वेगळा प्रोग्रॅम सर्व्हरला सांगून ठेवतो की मूळ पडद्यावर कोणाचीही खिडकी उघडायची झाली तर आधी मला कळव. हा हक्क एका वेळी एकालाच मिळतो. नवी खिडकी आली की विंडो मॅनेजर स्वतःची एक थोडी मोठी खिडकी तयार करतो, प्रोग्रॅमची खिडकी उचलून तिच्या आत बसवतो आणि वरच्या मोकळ्या जागेत नाव व बटणं काढतो. इथल्या पापाची तिकटी चौकात फोटो फ्रेम करायला द्यावा तसंच हे. फोटोला फ्रेमबद्दल काही ठाऊक नसतं. माझा प्रोग्रॅम इतकी वर्षं असाच निर्धास्त होता.

वेलँडचं काम क्रिस्टियन ह्योग्सबर्ग यांनी २००८ साली सुरू केलं. त्यात सर्व्हर, विंडो मॅनेजर आणि पडद्यावर सगळं एकत्र रचणारा असे तिघे मिळून एकच प्रोग्रॅम झाला. त्याला कंपोझिटर म्हणतात. वेलँडच्या मूळ नियमांत टायटल बारचा उल्लेखच नाही. कंपोझिटर जागा देतो आणि त्या जागेत प्रोग्रॅमने दिलेलं चित्र दाखवतो. वेगळं काही ठरलं नसेल तर पट्टी प्रोग्रॅमने स्वतः काढायची. ठरवण्याची सोय एका जोडनियमात आहे, त्याचं नाव एक्सडीजी-डेकोरेशन. तो २०१८ साली आला. केडीईचा केविन, स्वे, हायपरलँड हे कंपोझिटर तो मानतात. ग्नोमचा मटर मानत नाही. ग्नोमचं म्हणणं असं की वेलँडवरच्या खिडकीचा सगळा पृष्ठभाग प्रोग्रॅमचा, तेव्हा पट्टीही त्यानेच काढावी.

पायरी १: खिडकी कोणत्या वाटेने आली ते पाहा

टर्मिनलमध्ये एक्सडीजी-सेशन-टाइप या चलाची किंमत छापून बघा. उत्तर एक्स११ आलं तर सरळ पायरी ३ वर जा. वेलँड आलं तरी काम संपत नाही, कारण वेलँडच्या सेशनमध्येही जुने प्रोग्रॅम एक्सवेलँड नावाच्या पुलावरून येतात, आणि पुलावरून येणाऱ्यांना जुनाच रिवाज लागू असतो. म्हणजे ग्नोमसुद्धा त्यांना स्वतःची पट्टी देतो. माझ्या प्रोग्रॅमला धूसर असताना पट्टी होती आणि स्वच्छ झाल्यावर नव्हती, त्याचं कारण हेच. धूसर होता तेव्हा तो पुलावरून येत होता. एक्सवेलँडचं चित्र पडद्याच्या सव्वापट-दीडपट मापाला ताणून बसवलं जात होतं.

ओळखायची सोपी युक्ती म्हणजे एक्सआइज. हा छोटा प्रोग्रॅम दोन डोळे दाखवतो. तो चालू करा आणि माउस संशयित खिडकीवर फिरवा. डोळे माउसमागे फिरले तर ती एक्सची खिडकी. थिजले तर शुद्ध वेलँडची, कारण तिच्यावरचा माउस एक्सच्या प्रोग्रॅमला दिसतच नाही. यादी हवी असेल तर एक्सएलएसक्लायंट्स ही आज्ञा एक्सवर आलेले सगळे प्रोग्रॅम छापते.

पायरी २: पट्टी कोणाच्या हातची आहे ते पाहा

नुसत्या दिसण्यावरून ओळखायला जाऊ नका, थीममुळे दोन्ही सारख्या दिसू शकतात. मी वापरतो ती परीक्षा साधी आणि खात्रीची आहे: प्रोग्रॅमला जागच्या जागी थांबवायचं. त्याचा प्रोसेस नंबर काढा आणि किल ही आज्ञा स्टॉप या सिग्नलसह द्या. प्रोग्रॅम मरत नाही, फक्त श्वास रोखून उभा राहतो. आता माउस फुलीवर न्या. बटणाचा रंग बदलला, पट्टी धरून खिडकी सरकली, तर ती डेस्कटॉपने काढलेली. पट्टी नुसत्या चित्रासारखी पडून राहिली तर ती प्रोग्रॅमची स्वतःची. झालं की कंट सिग्नल देऊन त्याला पुन्हा चालू करा. वजन घेणं चालू असताना मात्र हा प्रयोग करू नका.

या परीक्षेत दोन्ही पद्धतींमधला एक खरा फरकही हाताला लागतो. प्रोग्रॅम अडकला तर त्याने स्वतः काढलेली फुलीही त्याच्यासोबत अडकते. डेस्कटॉपने काढलेली फुली जिवंत राहते. प्रोग्रॅमला हाक मारून तो ओ देतो का हे तपासायची सोय दोन्ही घरांत आहे, पण हाताशी चालणारी फुली असणं ही वेगळीच निश्चिंती आहे.

पायरी ३: एक्सवर काय ठरलंय ते वाचा

एक्सप्रॉप चालवा, माउसचं चिन्ह अधिकासारखं होईल, खिडकीवर क्लिक करा. भली मोठी यादी येते. त्यातल्या तीन नोंदी आपल्या कामाच्या.

नेट-फ्रेम-एक्स्टेंट्स ही विंडो मॅनेजरने लिहिलेली नोंद. तिच्यात चार आकडे असतात: डावीकडे, उजवीकडे, वर, खाली किती पिक्सेलांची चौकट लावली. तिसरा आकडा २८ किंवा त्याच्या आसपास असेल तर पट्टी विंडो मॅनेजरची. चारही शून्य असतील तर त्याने काही लावलेलं नाही.

जीटीके-फ्रेम-एक्स्टेंट्स प्रोग्रॅम स्वतः लिहितो. 'माझ्या खिडकीच्या कडेचे एवढे पिक्सेल नुसती सावली आहे, त्यांना खिडकी समजू नका' असं ते सांगणं. ही नोंद दिसली की पट्टी प्रोग्रॅमची असं खुशाल समजा. जुन्या विंडो मॅनेजरला ही नोंद कळत नसेल तर खिडकी पडद्याच्या कडेला चिकटवताना मध्ये विनाकारण फट राहते.

तिसरी मोटिफ-डब्ल्यूएम-हिंट्स. मोटिफ ही फार जुनी खिडक्यांची प्रणाली. ती वापरातून गेली, पण तिची ही चिठ्ठी सगळ्यांनी उचलली आणि आजही 'मला पट्टी नको' हे एक्सवर हिच्यातूनच सांगतात. चिठ्ठीत पाच आकडे असतात. पहिला आकडा पुढच्यांपैकी कोणते वाचायचे ते सांगतो. तो २ असेल तर डेकोरेशनचा आकडा वाचायचा. तो म्हणजे तिसरा. तिथे ० असेल तर काहीही लावू नका, १ असेल तर सगळं लावा. म्हणजे २, ०, ०, ०, ० अशी चिठ्ठी दिसली की प्रोग्रॅमने पट्टी स्वतः नाकारली आहे. चिठ्ठीच नसेल तर नेहमीची पूर्ण चौकट. हीच चिठ्ठी एक्सप्रॉपच्या सेट या पर्यायाने बाहेरून लिहिताही येते. मात्र ही विनंती आहे, हुकूम नाही. मानायची की नाही हे विंडो मॅनेजर ठरवतो.

पायरी ४: वेलँडवरचं बोलणं ऐका

आधी कंपोझिटर काय काय देतो ते बघा. वेलँड-इन्फो ही आज्ञा सगळ्या सोयींची यादी छापते. तिच्यात झेडएक्सडीजी-डेकोरेशन-मॅनेजर-व्ही१ हे नाव शोधा. सुरुवातीचा झेड म्हणजे नियम अजून अस्थिर गटात आहे अशी खूण; २०१८ पासून तो तिथेच आहे आणि तरीही सर्रास वापरात आहे. नाव सापडलं तर इथे डेकोरेशनवर बोलणी होऊ शकतात. ग्नोमवर ते सापडणार नाही. केडीईवर याआधीचा केडीईचा स्वतःचा एक जुना नियमही दिसेल.

मग वेलँड-डीबग या चलाला १ किंमत देऊन तोच प्रोग्रॅम टर्मिनलमधून चालवा. दोघांमधला प्रत्येक शब्द छापला जातो. बाण असलेल्या ओळी प्रोग्रॅमच्या मागण्या, बिनबाणाच्या ओळी कंपोझिटरची उत्तरं. एवढ्या पुरात फक्त डेकोरेशन शब्द असलेल्या ओळी गाळून घ्या. सेट-मोड पुढे २ म्हणजे 'तुम्ही काढा', १ म्हणजे 'मी काढतो'. आणि उत्तरातल्या कॉन्फिगर पुढचा आकडा हा निकाल. मागणी १ ची आणि निकाल २ असं दिसलं आणि पडद्यावर दोन पट्ट्या असल्या, तर चूक प्रोग्रॅमची: त्याने विचारलं, पण उत्तर ऐकलं नाही.

माझ्या प्रोग्रॅमच्या बाबतीत यादीत मॅनेजर नव्हता आणि डेकोरेशनची एकही ओळ नव्हती. प्रोग्रॅम एसडीएल या लायब्ररीवर लिहिलेला आहे. जिथे कंपोझिटर पट्टी देत नाही तिथे एसडीएल लिबडेकॉर नावाच्या दुसऱ्या लायब्ररीकडून पट्टी काढून घेते. ती लायब्ररी त्या संगणकावर नव्हतीच. आणि नुसती लिबडेकॉर बसवूनही भागत नाही, तिचा चित्र काढणारा प्लगिन वेगळ्या पॅकेजमध्ये असतो. एक कैरो या लायब्ररीवर चालणारा, एक जीटीके या लायब्ररीवर. प्लगिन सापडला नाही तर लिबडेकॉर बिनपट्टीची खिडकी देते. दोन्ही बसवले आणि पट्टी आली. एवढ्याशा गोष्टीसाठी माझी एक अख्खी संध्याकाळ गेली, ती दुसऱ्या कोणाची जाऊ नये म्हणून हे लिहायला घेतलं.

पायरी ५: नेहमीच्या प्रोग्रॅमांचे खटके

फायरफॉक्समध्ये टूलबार सजवण्याच्या पानावर खाली डावीकडे टायटल बारचा चौकोन आहे. क्रोममध्ये टॅबांच्या ओळीतल्या रिकाम्या जागेवर उजवं क्लिक केलं की सिस्टिमची पट्टी वापरण्याचा पर्याय मिळतो. व्हीएस कोडमध्ये विंडोच्या सेटिंगांत टायटल बार स्टाइल आहे. नेटिव्ह म्हणजे डेस्कटॉपची, कस्टम म्हणजे स्वतःची.

जीटीके ३ च्या साध्या प्रोग्रॅमांना जीटीके-सीएसडी या चलाने ० किंवा १ सांगता येतं. पण २०१३ मध्ये जीटीके ३.१० पासून हेडर बार आला. ज्यांनी बटणं, शोध, मेनू सगळं त्या जाड पट्टीत बसवलं आहे, त्यांची पट्टी काढायचा आग्रह धरू नये. तिथे पट्टी हाच प्रोग्रॅमचा अर्धा भाग असतो.

क्यूटी या लायब्ररीवर लिहिलेले प्रोग्रॅम ग्नोमवर अचानक बोडके झाले तर आपल्या प्रोफाइल फाइलमध्ये क्यूटी-वेलँड-डिसेबल-विंडोडेकोरेशन हे चल राहून गेलंय का बघा. स्वे वापरताना कोणीतरी ते सुचवतं, आपण डेस्कटॉप बदलतो आणि ओळ तशीच राहते. ही ओळ क्यूटीला सांगते की स्वतः काही काढू नको, आणि ग्नोम तर काढणारच नाही.

ग्नोमवर पट्टी आहे पण फुलीशिवाय काही नाही ही वेगळी गोष्ट. ते बटणांच्या मांडणीचं सेटिंग आहे. ट्वीक्स या प्रोग्रॅममध्ये लहान करणे आणि मोठे करणे यांचे दोन खटके चालू करा.

केडीईवर एखाद्याच खिडकीची पट्टी नको असेल तर ऑल्ट आणि एफ३ च्या मेनूतून त्या खिडकीचा नियम तयार करा. त्यात टायटल बार आणि चौकट नको हा पर्याय आहे. स्वेमध्ये बॉर्डर या आज्ञेला नॉर्मल, पिक्सेल, नन आणि सीएसडी अशी उत्तरं आहेत. शेवटचं म्हणजे प्रोग्रॅमला स्वतःची पट्टी काढू देणं.

पायरी ६: प्रोग्रॅम स्वतः लिहीत असाल तर

इथून पुढे वेलँडशी थेट बोलणाऱ्यांसाठी. एसडीएल, जीएलएफडब्ल्यू किंवा क्यूटी वापरत असाल तर यातलं बरंच काम ते करतात, पण आत काय चाललंय हे कळलं की बिघाड पटकन सापडतो. क्रम महत्त्वाचा आहे.

सुरुवातीला कंपोझिटरकडून सोयींची यादी येते. डेकोरेशन मॅनेजर आहे की नाही हे लक्षात ठेवा. मग पृष्ठभाग तयार करा, त्याला एक्सडीजी-सरफेसची आणि मग टॉपलेव्हलची भूमिका द्या, शीर्षक आणि ॲप-आयडी सांगा. मॅनेजर असेल तर आत्ताच त्या टॉपलेव्हलसाठी डेकोरेशन ऑब्जेक्ट मागा. खिडकीला चित्र जोडल्यावर मागितलं तर नियमभंग होतो आणि कंपोझिटर थेट संबंध तोडतो. सेट-मोडने आपली पसंती सांगा. पसंती नसेल तर सांगू नका, कंपोझिटर त्याच्या मताने ठरवेल. आता चित्र न जोडता कमिट करा आणि थांबा.

उत्तर तुकड्यांत येतं: टॉपलेव्हलचा कॉन्फिगर रुंदी, उंची आणि अवस्था सांगतो, डेकोरेशनचा कॉन्फिगर निकाल सांगतो, आणि सगळ्यात शेवटी एक्सडीजी-सरफेसचा कॉन्फिगर एक अनुक्रमांक घेऊन येतो. आधीचे तुकडे कोणत्या क्रमाने येतील यावर विसंबू नका. ते बाजूला टिपून ठेवा आणि शेवटचा आल्यावरच सगळं एकदम लागू करा. मग त्या अनुक्रमांकाची पोच द्या, निकालाप्रमाणे चित्र काढा, जोडा आणि कमिट करा.

इथे माझं मत सांगतो. छोट्या, कामाच्या प्रोग्रॅमाने आधी डेस्कटॉपकडेच पट्टी मागावी. दुकानदाराला सगळ्या खिडक्यांची फुली एकाच जागी हवी असते. पण मागितलं म्हणजे मिळालं असं धरून चालू नका. मॅनेजर नसेल, किंवा निकाल १ आला, तर स्वतः काढायची तयारी हवी. आणि निकाल खिडकी उघडी असतानाही बदलू शकतो, म्हणून प्रत्येक कॉन्फिगरला तो नव्याने वाचा.

स्वतः काढायची वेळ आली की माप चुकतं ते बहुतेक वेळा इथे. कंपोझिटर जी रुंदी-उंची सांगतो ती दिसणाऱ्या खिडकीची, आपली पट्टी धरून आणि सावली सोडून. समजा ८०० बाय ६०० सांगितलं, पट्टी ३६ पिक्सेल आणि सावली चारही बाजूंनी २० पिक्सेल. मग मजकुरासाठी उंची उरते ५६४. चित्र मात्र ८४० बाय ६४० चं लागेल, आणि विंडो जॉमेट्री, म्हणजे चित्रातला खऱ्या खिडकीचा भाग, म्हणून २०, २०, ८००, ६०० सांगावं लागेल. हे सांगितलं नाही तर कंपोझिटर सावलीलाच खिडकी समजतो, आणि दर कॉन्फिगरला खिडकी थोडी थोडी वाढत किंवा आक्रसत जाऊ शकते. रुंदी-उंची शून्य आली तर माप ठरवायचं स्वातंत्र्य आपलं आहे, शून्य मापाची खिडकी काढायची नाही.

इनपुट रीजन, म्हणजे क्लिक घेणारा भाग, हाही नेमून द्या, नाहीतर सावलीवरचे क्लिक मागच्या खिडकीला जाण्याऐवजी तुमच्याकडे येतील. कडेचे थोडे पिक्सेल त्यात ठेवा, तिथे धरूनच माणसं खिडकी ओढून मोठी करतात. अवस्था मॅक्सिमाइझ्ड असेल तर सावली आणि गोल कोपरे काढून टाका. टाइल्ड असेल तर ज्या कडेला चिकटली त्या कडेची सावली काढा.

पट्टी तुम्ही काढली तरी खिडकी सरकवायचा हक्क तुमचा नाही. वेलँडवर प्रोग्रॅमला आपण पडद्यावर कुठे आहोत हेसुद्धा कळत नाही. पट्टीवर बटण दाबलं गेलं की त्या क्लिकच्या अनुक्रमांकासह मूव्हची विनंती करा, कडेवर असेल तर रिसाइझची, उजव्या क्लिकला शो-विंडो-मेनूची. पुढचं कंपोझिटर बघतो.

बिनपट्टीची खिडकीच हवी असेल तर

दुकानात शेतकऱ्यांकडे तोंड करून दुसरा पडदा आहे. त्यावर फक्त वजन दिसतं, आणि तिथे पट्टी अजिबात नको. एक्सवर मी मोटिफची चिठ्ठी वापरत होतो. एक्सडीजी-डेकोरेशनमध्ये 'काहीच नको' असं तिसरं उत्तर नाही. 'मी काढतो' म्हणून काहीच न काढणं ही पळवाट चालते, पण कंपोझिटरने स्वतःची पट्टी लादली तर इलाज नाही. सरळ मार्ग म्हणजे सेट-फुलस्क्रीन मागणं आणि त्यासोबत कोणता पडदा ते सांगणं. पूर्ण पडद्यावर पट्टीचा प्रश्नच उरत नाही. संगणकावर एकच प्रोग्रॅम चालवायचा असेल तर केज हा छोटा कंपोझिटर बघा. तो एकच काम पूर्ण पडद्यावर दाखवण्यासाठी बनलेला आहे.

मराठी शीर्षकासाठी

माझ्या खिडकीच्या पट्टीवर चालू गाडीचं गाव दिसतं. एक्सवर शीर्षकाच्या दोन नोंदी असतात: जुनी डब्ल्यूएम-नेम आणि नवी नेट-डब्ल्यूएम-नेम. जुनी युरोपीय लिपींच्या काळातली आहे. युनिकोड हवा तर नवीच भरावी लागते. ती राहिली की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा कचरा दिसतो. वेलँडवर शीर्षक यूटीएफ-८ मध्येच द्यायचं असा नियम आहे, तेव्हा तिथे हा प्रश्न नाही.

पण पट्टी आपण काढत असू तर तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. मजकूर पँगो किंवा हार्फबझ या अक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीकडून घडवून घ्या. एकेक अक्षर सुटं छापलं तर 'शिरोळ' मधली पहिली वेलांटी श च्या डावीकडे न येता उजवीकडे लटकते आणि 'कोल्हापूर' मधला ल्ह फुटतो. पट्टीची उंची रोमन अक्षरांच्या मापाने ठोकून बसवू नका, फाँटची वरची आणि खालची मर्यादा विचारून ठरवा. नाहीतर 'कुंभी' चा अनुस्वार वरून आणि उकार खालून छाटला जातो. आणि खिडकी अरुंद झाल्यावर शीर्षक तोडायचं ते बाइटवर नाही, पूर्ण अक्षरावर.

हे सगळं झाल्यावर प्रोग्रॅम चार ठिकाणी चालवून बघा: एक्सएफसीईच्या एक्स सेशनमध्ये, ग्नोमवर लिबडेकॉरसह, ग्नोमवरच लिबडेकॉर काढून, आणि केडीईवर. प्रत्येक ठिकाणी खिडकी सरकवा, कडेला चिकटवा, पूर्ण मोठी करून परत लहान करा, आणि इतकी अरुंद करा की शीर्षक तुटेल. मार्केट यार्डातल्या संगणकावर आता ग्नोम आहे, लिबडेकॉर आणि जीटीकेचा प्लगिन आहे, आणि पट्टीवर 'गाडी ३ – शिरोळ' असं धडधडीत वाचता येतं. काका ती पट्टी धरून खिडकी डाव्या कोपऱ्यात नेऊन ठेवतात, कारण उजवीकडे काट्याची वायर लोंबते आणि पडद्याचा तेवढा भाग झाकला जातो.